उलट शब्द

आमच्या घरात "जाते" म्हणायची सोय नाही. दुसरीत असताना एकदा शाळेला उशीर झाला म्हणून मी उंबऱ्यावरूनच "जाते गं" असं ओरडले आणि पळत सुटले. आईनं मला गल्लीच्या तोंडाशी गाठलं, हाताला धरून परत आणलं, पाटावर बसवलं, घोटभर पाणी पाजलं आणि म्हणाली, "येते म्हण." मी "येते" म्हणाले, तेव्हा कुठं तिनं माझा हात सोडला. शाळेत त्या दिवशी तासभर वर्गाबाहेर उभी राहिले ते वेगळंच.

आज मी एकेचाळीस वर्षांची आहे. कऱ्हाडच्या एका हायस्कुलात गणित शिकवते. बाहेर पडताना अजूनही मुकाट्यानं "येते" म्हणते.

माझी आई, शैलजा वनारसे, बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान चालवते. आम्ही कासार. बाबा गेले तेव्हा, आता ही बाई नव्या नवरीचा चुडा भरणार का, म्हणून काहींनी नाकं मुरडली होती. वर्षभरात सगळ्या गुपचूप परत आल्या, कारण आईसारखं माप कुणालाच येत नाही. ती समोरच्या बाईचा हात हातात घेते, अंगठ्याच्या खालचा भाग एकदा दाबते आणि सांगते, "दोन-चार. डाव्याला सैल होईल, पण चालेल." तिचं माप चुकलेलं मी कधी पाहिलं नाही.

तपासणीसाठी मीच तिच्या मागे लागले. याला कारण बार्शीची आजी, म्हणजे आईची आई. तीही बांगड्याच भरायची. तिला विसरण्याचा आजार झाला आणि दोन वर्षांत सगळं संपलं. पहिल्या दिवाळीला ती माझं नाव चुकली, दुसऱ्या दिवाळीला स्वतःचं. त्याच गल्लीतल्या एका आजींना तोच आजार झाला होता, त्या मात्र बारा वर्षं निवांत जगल्या. सुनेला नावं ठेवण्याचं काम त्यांनी शेवटपर्यंत चोख केलं. एकच आजार एकीला दोन वर्षांत संपवतो आणि दुसरीला बारा वर्षं देतो, हे कोडं मला लहानपणापासून छळत होतं.

डॉ. फरहीन मुजावर यांनी ते कोडं मला दहा मिनिटांत सोडवून दाखवलं. जिल्ह्यात या आजाराची नवी चाचणी त्याच करतात.

"आजार कुणाला होण्याची शक्यता जास्त, हे सांगणारं जनुक आपल्याला पन्नास वर्षांपासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईकडे त्याच्या धोक्याच्या दोन्ही प्रती आहेत, एक आईकडून आलेली, एक वडलांकडून. पण ते झालं आजार होण्याबद्दल. झाल्यावर तो किती वेगानं वाढेल हे दुसरीच जनुकं ठरवतात. मेंदूत सफाई करणाऱ्या पेशी असतात. कुणाच्या पेशी कचरा भराभर उचलतात, कुणाच्या हळूहळू, आणि कुणाच्या पेशी कचऱ्याबरोबर मेंदूतले चांगले जोडही उखडून टाकतात. आता आपण अशा ऐंशीएक जागा वाचून उतार किती तीव्र असेल हे सांगू शकतो."

"आईचा?"

"तीव्र. तुमच्या आजीसारखाच."

मी गणिताची बाई. उतार तीव्र म्हणजे काय, हे मला आकृती काढून सांगायची गरज नव्हती.

"पण त्या उतारावर त्या आज कुठे उभ्या आहेत, हे जनुक सांगत नाही," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "ते बोलण्यावरून कळतं."

मग त्यांनी ते पदक दाखवलं. रुपयाएवढं, गळ्यात घालायचं. ते दिवसभर माणसाचं बोलणं आणि आजूबाजूचे आवाज ऐकतं, काही साठवत नाही, फक्त चुका मोजतं आणि शंभरपैकी गुण देतं. दिवा हिरवा असला की ठीक. गुण सत्तर आणि साठ यांच्या मध्ये आले की दिवा पिवळा होतो, आणि तेव्हाच त्या आजारावरची सुई देता येते. आधी दिली तर ती सफाईच्या पेशींना नको इतकं चेतवते. साठच्या खाली गेल्यावर दिली तर वाचवायला काही उरलेलं नसतं. तीव्र उताराच्या माणसाला सत्तर ते साठ जायला चार महिने पुरतात. आणि त्या जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांना सुई दिली, तर बारांतल्या एकाच्या मेंदूत रक्तस्राव होतो.

"बारांत एक," मी म्हणाले.

"हो. म्हणून तर गरज नसताना द्यायची नाही."

आईनं पदक उलटसुलट करून पाहिलं, "घडण काही खास नाही," असा शेरा मारला आणि गळ्यात घातलं. मग मला एक अट घातली. "माझ्या आईसारखं माझं करू नका. सुई द्यायची वेळ आली तर घेईन. पण जोवर मला हात दाबून माप सांगता येतंय, तोवर कुणी मला वेडी म्हणायचं नाही."

मी कबूल केलं. नंतर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हात सगळ्यात शेवटी विसरतात, केतकी. मापावर विसंबू नका."

पहिल्या महिन्यात गुण आले चौऱ्याहत्तर. दुसऱ्या महिन्यात एकाहत्तर. जूनच्या अखेरीस एकोणसत्तर, आणि दिवा पिवळा झाला.

मला झोप येईनाशी झाली. मी आईच्या प्रत्येक वाक्याला कान लावून बसायला लागले. ती चहात साखर घालायला विसरली की मी डॉक्टरांचा नंबर काढायचे. मग आठवायचं, की साखर मीच बंद करायला लावलीय. ती मात्र मजेत होती. गिऱ्हाइकांना हसवत होती, माझ्या वजनावर बोलत होती, शेजारच्या भांडेवाल्याशी ओट्यावरून भांडत होती. मला तिच्यात काहीच खोट दिसत नव्हती, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. आजीच्या वेळीसुद्धा आम्हांला काही दिसलं नव्हतं.

अहवालात चुकांचा एकच प्रकार वाढलेला होता. त्याचं नाव होतं "उलट शब्द". बोलायचं एक आणि तोंडून निघायचा नेमका त्याच्या विरुद्ध अर्थाचा शब्द. आठवड्याला चाळीसहून जास्त. तीव्र प्रकारात हेच पहिलं लक्षण असतं, असं डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी सुईची तारीख दिली, बारा जुलै.

चार जुलैला मी शाळेत स्टाफरूममध्ये बसून त्या आठवड्याच्या चुकांच्या वेळा बघत होते. माणसाला काळजी लागली की तो आकड्यांशी खेळतो. निदान मी तरी खेळते. सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी चूक एकही नाही. बाकीच्या दिवशी दिवसभर पसरलेल्या. आणि एक चूक रोज संध्याकाळी न चुकता आठ वाजून दहा मिनिटांच्या आसपास. रोज. आजार असा घड्याळ लावून येत नाही.

मी आईला फोन लावला. "काल आठ-दहाला तू काय करत होतीस?"

"आत्ता गं बाई, काय करणार? दुकान वाढवलं आणि घरी आले."

मी फोन कानाला लावून तशीच बसले. दुकान वाढवलं. म्हणजे बंद केलं. आमच्यात दुकान बंद होत नाही, ते वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. बाहेर पडणारी बाई जात नाही, येते. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणून त्याच्या जागी चांगला ठेवायचा, हे कासाराच्या दुकानात दिवसातून दहा वेळा होतं. यंत्र बिचारं काचेचा, शटरचा आवाज ऐकत होतं, "वाढली", "वाढवलं" ऐकत होतं आणि चूक मांडत होतं. आई "येते" म्हणायची, पावलं दूर जायची, आणखी एक चूक. उन्हाळ्याच्या लग्नसराईत दुकानातली गर्दी वाढली, तशा चुकाही वाढल्या.

आणि मी तिची पोटची मुलगी, ही भाषा ऐकतच मोठी झालेली. माझ्या कानाला ते शब्द इतके सरळ होते, की त्यांना कुणी उलट म्हणेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"केतकी? हायस का फोनवर?"

"आहे," मी म्हणाले आणि स्टाफरूममध्ये मोठ्यानं रडले. इतिहासाच्या बाई पाण्याचा पेला घेऊन धावत आल्या.

डॉ. मुजावर हसून हसून बेजार झाल्या. मग एकदम गंभीर झाल्या. आठ दिवसांनी आपण एका धडधाकट बाईला ती सुई देणार होतो, हे दोघींच्याही एकाच वेळी लक्षात आलं असावं. यंत्राचं मराठी बातम्यांवरून आणि छापील मजकुरावरून घडवलेलं होतं. एक नारळ वाढवण्याचं तेवढं त्याला ठाऊक निघालं. डॉक्टरांनी बनवणाऱ्यांना शब्दांची यादी पाठवली, त्यांनी महिन्याभरात सुधारणा केली. आता यंत्राला "वाढली" आणि "फुटली" दोन्ही बरोबर होते, "येते" आणि "जाते" दोन्ही चालत होते. आईचे गुण झाले अठ्ठ्याऐंशी. दिवा हिरवा झाला. सुई रद्द झाली.

"त्याला मराठी शिकवलं म्हण की," आई म्हणाली. त्या दिवशी तिनं पुरणपोळी केली आणि मला चार खायला लावल्या.

पुढचे तीन महिने मी सुखात काढले. खोटं कशाला बोलू, मी अहवाल उघडणंसुद्धा सोडून दिलं.

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई सुरू झाली. त्या रविवारी ओगलेवाडीकडची एक मंडळी नवरीचा चुडा भरायला आली होती. नवरी, तिची आई, आजी आणि दोन मावश्या. गर्दी होती म्हणून मी मदतीला बसले होते. आईनं नवरीचा हात घेतला, दाबला, "दोन-सहा" म्हणाली. माप अचूक होतं. हिरव्या बांगड्या एकेक करून चढत होत्या, मावश्यांची थट्टा चालली होती. सहावी बांगडी हाताच्या सांध्यावर कट्टकन मोडली.

"फुटली," आई म्हणाली. "थांब, दुसरी घालते."

नवरीच्या आईचा चेहरा उतरला. आजीबाई म्हणाल्या, "अहो शैलाताई, शुभ बोला की. कासारणीच्या तोंडी असला शब्द?" आईनं वर पाहिलं, हसली, आणि दुसरी बांगडी चढवायला लागली. ती बोलणी तिला उद्देशून होती हे तिला कळलंच नव्हतं. तिच्या गळ्यातल्या पदकाचा दिवा हिरवागार होता.

ती मंडळी गेल्यावर मी स्वतःची समजूत घातली. इतका गोंधळ झाल्यावर ती यंत्रासाठी मुद्दाम सरळ बोलत असेल. असेलच. मी विचारलं, "आई, मघाशी तू नवरीला 'फुटली' का म्हणालीस?"

"मी?" ती खरोखरच चिडली. "मी कशाला म्हणेन? पन्नास वर्षं चुडे भरतेय. माझ्या तोंडून कधी तो शब्द गेला नाही, आणि नवरीसमोर जाईल? तुझे कान तपास."

मी ओट्यावर जाऊन डॉक्टरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांसमोर बसले होते. त्यांनी आकडे पुन्हा पाहिले. सत्त्याऐंशी. "यात काहीच नाही, केतकी."

"यात कसं असेल? तुमच्या यंत्राला दोन्ही शब्द बरोबर. आमच्या आईला नाहीत."

त्यांनी अहवाल मिटला. मग म्हणाल्या, "तुमच्या आई 'वाढली' म्हणतात तेव्हा काय होतं बघा. जे झालं त्याचा सरळ शब्द आधी जिभेवर येतो. मेंदूचा पुढचा भाग तो मागे सारतो आणि दुसरा निवडतो. आयुष्यभराच्या सवयीनं हे इतकं पटकन होतं, की त्यांनाही कळत नाही. तीव्र प्रकारात सगळ्यात आधी सुटतो तो हा लगाम. इतर माणसांत ते उलट शब्दांतून दिसतं. त्यांच्यात मात्र..."

"सरळ शब्दांतून दिसेल."

"हो. आणि यंत्र त्यांना पूर्ण गुण देत राहील."

दिवा पिवळा नसताना सुई द्यायला एकच वाट होती. दोन डॉक्टरांच्या सह्या आणि घरच्या माणसानं ठेवलेली पंधरा दिवसांची नोंद. मी दोनशे पानी वही घेतली आणि शाळेला रजा टाकली. दुकानात बसून मी माझ्याच आईवर पाळत ठेवली. पहिल्या दिवशी एक शब्द. तिसऱ्या दिवशी एकही नाही, आणि मी देवापुढे नारळ वाढवला. पाचव्या दिवशी तीन. "दुकान बंद करते." "ती काच फुटली." "तुझं मंगळसूत्र तुटलं वाटतं गं," हे एका अनोळखी बाईला, भर गर्दीत. पंधरा दिवसांत सव्वीस. एरवी ती अगदी पूर्वीची आई होती, तीच थट्टा, तेच माप. तिनं "वाढली" म्हटलं की मला जीवदान मिळाल्यासारखं वाटायचं. आणि रोज वही मिटताना एक विचार यायचा, की या जनुकाची एक प्रत माझ्यातही असणारच. उद्या माझे शब्द कोण ऐकणार?

सोळाव्या दिवशी, सोमवारी, मी वही आईपुढे ठेवली. तिच्यापासून लपवून सुई देणं मला जमणार नव्हतं.

तिनं चष्मा लावला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. "हे सगळं मी बोलले?"

"हो."

"तू खोटं लिहिणार नाहीस," ती स्वतःशीच म्हणाली. मग कितीतरी वेळ ती एका ओळीवर बोट ठेवून बसली. "माझ्या आईनं एकदा असंच केलं होतं. बार्शीला, एका नवरीला चुडा भरताना. 'फुटली' म्हणाली. मी तिथंच होते. सगळ्यांसमोर तिला नको नको ते बोलले. म्हटलं, अक्कल गहाण टाकलीस का? ती नुसती बघत राहिली माझ्याकडं. त्याच्या आधी ती कधी चुकली नव्हती गं. मला वाटलं, वय झालं, जीभ सैल सुटली. सहा महिन्यांनी ती तुझं नाव विसरली."

मी वही घ्यायला हात पुढे केला, तिनं ती दिली नाही.

"बारांत एक म्हणाली होती ना ती डॉक्टरीण?"

"हो."

"म्हणजे अकरा बऱ्या होतात." तिनं वही मिटली. "तारीख घे. आणि मला भीती वाटतेय, हे कुणाला सांगू नकोस. भांडेवाल्याला तर मुळीच नको."

मला तिच्याहून जास्त भीती वाटत होती. आकड्याचा आधार नव्हता. होते ते फक्त माझे कान, आणि एकदा ते चुकलेले होते. ती बारावी बाई आई निघाली, तर तिला मी या वहीनं मारलेलं असणार होतं. सुई दिली नाही, तर पुढच्या दिवाळीला ती मला ओळखणार नव्हती. मी रोज हेच गणित मांडत होते आणि रोज ते सुटत नव्हतं.

नऊ जानेवारीला सकाळी साडेआठला रिक्षा दारात आली. मी पिशवी भरली, कागद घेतले, वही घेतली. आईनं देवापुढे दिवा लावला, साडीच्या निऱ्या नीट केल्या, दाराशी जाऊन चपला घातल्या. मग मागे वळून सगळ्या घरावर एकदा नजर फिरवली आणि अगदी सहज म्हणाली, "चल, जाते मी."

तिच्या गळ्यातला दिवा हिरवा होता.

वहीत सत्ताविसावी ओळ लिहायला हवी होती. मी लिहिली नाही. रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं, आईला हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं आणि पेलाभर पाणी दिलं. ती निमूटपणे प्यायली.

"आई, येते म्हण."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय मागतेय हे समजायला तिला थोडा वेळ लागला. मग तिचे डोळे भरून आले.

"येते," ती म्हणाली.

मी तिचा हात सोडला नाही.